मांडी की गुडघा

वसुधाक्का कुठल्याही उभ्या गाडीसमोर उकिडव्या बसत. साडी सावरून, भर रस्त्यात. गाडीच्या नाकाकडे बघत विचारत, "आता मी सात वर्षांची. सांग, कुठं लागेल मला?" पुण्याहून कानडी मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या आमच्या गाड्यांच्या कारखान्यात मी नवाच आलो होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं बाईंना चक्कर आली, आणि मी पाणी आणायला धावलो.

गाडीचं तोंड कसं असावं हे ठरवणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख. राजाजीनगरच्या जुन्या मराठी घरातल्या, त्यामुळे रागावणंसुद्धा कानडी मिसळून, "स्वल्प डोकं वापर रे" असं. त्यांचं खरं भांडण एका नकली पायाशी होतं. बंपर आपटून पाहायला प्रयोगशाळेत ठेवलेला तो पाय मोठ्या माणसाचा. "लहान मुलं काय उडत रस्ता ओलांडतात?" असं त्या विचारत, आणि सगळे घड्याळाकडे बघत.

एका नव्या गाडीला बंपरखाली आडवी पट्टी घालायची होती. तिने मोठ्यांचा गुडघा वाचतो. पण मुलांना तो मार मांडीऐवजी गुडघ्याजवळ बसणार, जिथून हाड वाढतं तिथे. "मांडी मोडली तर जुळते रे," अक्का म्हणाल्या, "वाढ खुंटली तर पाय आखूड राहतो. पट्टी नको म्हटलं तर मोठ्यांचे गुडघे जातात. कुणाचा पाय निवडू?" शेवटी त्यांनी पट्टीला होकार दिला.

पुढे बेळ्ळंदूरला आमच्याच सोसायटीत, पार्किंगमधून निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीची शेजारच्या छोट्या इराला धडक बसली. मांडी शाबूत राहिली, पण डाव्या गुडघ्याखाली हाड मोडलं. मी कळवताच अक्का दवाखान्यात आल्या.

"पट्टी नसती तर?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"कदाचित मांडी गेली असती. कदाचित काहीच झालं नसतं."

"आणि आता पाय आखूड राहील?"

"वाढेल तसं कळेल."

अक्का रडू लागल्या. इराची आई बिचारी त्यांचीच समजूत घालू लागली, "अक्का, गाडी तुम्ही थोडीच चालवत होता?"

"चालवत नव्हते गं. केली मीच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी हिला वाचवलं, की मोडलं?"

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. असलं काही विचारायचं असतं का?

नंतर त्या निवृत्त झाल्या, तरी दर रविवारी फोन यायचा. "इरा धावते ना? दोन्ही पाय सारखे?" मी हो म्हणायचो. "सरी, बरं झालं. पण अजून वाढायची आहे पोर." आनंद म्हणून व्हायचा नाही त्यांना.

गेल्या महिन्यात अक्का गेल्या. काल लिफ्टमध्ये इरा भेटली, चांगली उंच झाली आहे. माझी नजर तिच्या पायांवर गेली. सारखेच वाटले. मग वाटलं, डावा जरा आखूड आहे का? मला नीट कळेना, आणि विचारायला अक्का नाहीत.