उसनी आत्या

पहिल्या वर्षाच्या मुलांना डेटाबेस शिकवायचा, तर मॅडम सुरुवातीला संगणकाचं नावच काढत नसत. पहिल्या तासाला त्या खुर्ची ओढून फळ्यापुढे बसायच्या आणि गप्पा मारायला बसल्यासारख्या म्हणायच्या, "माझ्या आत्याची लॉन्ड्री होती." मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवायची.

लॉन्ड्री खरोखरच होती. मॅडमची आई त्या लहान असतानाच गेली, वडील कामापायी कायम फिरतीवर, म्हणून आत्यानेच त्यांना वाढवलं. शाळा सुटली की दुकानाच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत, चादरींच्या गठ्ठ्यावर बसून त्या गृहपाठ करायच्या. आत्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाचं नाव लिहायची. एकदा एकाच नावाची दोन गिऱ्हाइकं निघाली आणि एकाचा लग्नाचा कोट दुसऱ्याच्या घरी पोचला. त्या दुसऱ्याने पुडकं सोडलंसुद्धा नाही, तसंच कपाटात टाकलं आणि कुलूप लावून परगावी गेला. इकडे नवरदेव धाकट्या भावाचा तोकड्या बाह्यांचा कोट चढवून उभा राहिला. आत्या स्वतः त्या लग्नघरी गेली, भरल्या पाहुण्यांत माफी मागून आली, आणि मग कितीतरी दिवस तिच्या घशाखाली घास नीट उतरला नाही. त्यानंतर दुकानात नावाच्या जागी नंबर आला. एका गिऱ्हाइकाला एक नंबर, तो पुन्हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

"यालाच प्रायमरी की म्हणतात," मॅडम सांगायच्या. "नाव दोघांचं एक असेल, हा नंबर कधीच एक नसतो. आता मला सांगा, प्रत्येक कपड्याच्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचा पत्ताही लिहिला आणि त्याने घर बदललं, तर चिठ्ठ्या बदलत बसणार का? पत्ता एका जागी ठेवा, चिठ्ठीवर नुसता नंबर. झाली दोन टेबलं, आणि झालं त्यांच्यातलं नातं." एवढं झाल्यावर मग संगणक सुरू व्हायचा. तोवर मुलांच्या डोक्यात निम्मा विषय बसलेला असायचा.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात एक मुलगा होता. काहीही शिकवलं की त्याचा हात वर. "मॅडम, परत सांगा." वर्गाने त्याचं नावच परतसांगा ठेवलं. मॅडम मात्र कधी वैतागल्या नाहीत. तास संपल्यावर त्याला थांबवून घ्यायच्या, कागदावर चौकोन काढून पुन्हा पहिल्यापासून लॉन्ड्रीत न्यायच्या. पोरगा सावकाश शिकला, पण पक्कं शिकला. पुढे त्याला बरेच दिवस नोकरी लागेना, आणि विभागात जागा निघाली तेव्हा मॅडमनी त्याच्यासाठी शब्द टाकला. "ज्याला स्वतःला उशिरा कळतं, तो दुसऱ्याला नीट समजावतो," असं त्या विभागप्रमुखांना म्हणाल्या. परतसांगाचं टेबल त्यांच्या टेबलाला लागून आलं. हळूहळू तो घरचाच झाला. मॅडमचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायचे. सुट्टीच्या दिवशी ते आणि परतसांगा बुद्धिबळ मांडून बसत, आणि हरलं की दोघंही दुसऱ्यावर लबाडीचा आळ घेत.

मग मॅडमचा आवाज बसायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत, ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर अख्खं सत्र तोंड बंद. शिकवून शिकवून कमावलेला आजार, असं नवरा गमतीने म्हणाला. मॅडमना गंमत वाटली नाही. त्यांना वर्गाची काळजी लागली होती.

वर्ग अर्थातच परतसांगाकडे दिला. मॅडमनी त्याला नुसत्या नोट्स दिल्या नाहीत. कुठे थांबायचं, कुठला प्रश्न विचारून गप्प बसायचं, मुलं नेमकी कुठे घसरतात, खुर्ची कधी ओढायची, सगळं त्याला शेजारी बसवून सांगितलं. त्याचे डोळे भरून आले होते. "मॅडम, तुमचा वर्ग मी सांभाळतो," तो म्हणाला. "तुम्ही आलात की जसाच्या तसा तुमच्या हवाली करतो."

ऑपरेशन नीट झालं. सत्र संपलं, नवी मुलं आली, आणि मॅडम जरा जाडसर झालेला आवाज घेऊन पहिल्या तासाला उभ्या राहिल्या. खुर्ची ओढली, बसल्या. "माझ्या आत्याची लॉन्ड्री होती."

वर्गात खसखस पिकली. मॅडमना वाटलं, आवाजामुळे असेल. त्या पुढे सांगू लागल्या, तशी पहिल्या बाकावरची एक मुलगी अदबीने म्हणाली, "मॅडम, पुढे त्या कोटाच्या बाह्या तोकड्या पडतात ना?"

"तुला कसं माहीत?"

"सरांच्या इंटरनेटवरच्या व्हिडिओत आहे. आम्ही सगळ्यांनी प्रवेश घ्यायच्या आधीच बघितलाय. सरांच्या आत्याची गोष्ट आहे ती."

मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "मॅडमपण बघतात सरांचे व्हिडिओ."

त्यात खोडसाळपणा काहीच नव्हता, आणि तेच जिव्हारी लागलं. मॅडमनी पाठ्यपुस्तक उघडलं आणि त्यातली प्रायमरी कीची व्याख्या वाचून दाखवली. नोकरीला लागल्यापासून त्यांनी व्याख्या वाचून दाखवलेली ही पहिलीच खेप.

दुपारी लॅब रिकामी असताना त्यांनी तो व्हिडिओ लावला. परतसांगा फळ्यापुढे खुर्ची ओढून बसला होता. "माझ्या आत्याची लॉन्ड्री होती," म्हणून तो बरोबर तिथेच थांबला जिथे त्या थांबायच्या. हाताचा चाळाही त्यांचाच. इथवर त्यांनी दात आवळून बघितलं. पण पुढे त्याने आत्याचं सोंग आणलं. डोळे बारीक करून, गेंगाण्या आवाजात, "अगंबाई, कोट कुठं गेला गं माझा," असं म्हणत ती दुकानभर धावली, दारावर आपटली. मग एक हुशार छोटा भाचा आला आणि म्हणाला, आत्या, नंबर टाक की. समोरची मुलं पोट धरधरून हसत होती. लग्नघरी जाऊन माफी मागणारी बाई त्या गोष्टीत कुठेच नव्हती.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. सांगताना त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्याला धक्का बसत नाहीये हे त्यांच्या लक्षात येत गेलं. तो स्वतःच्याच चष्म्याची काच पुसत राहिला.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

त्याने चष्मा खाली ठेवला. मग म्हणाला, "त्याने मला दाखवला होता. म्हणाला, शेवटच्या भागात मॅडमचं नाव घालणार आहे, तोवर सांगू नका, त्यांना अचानक कळू दे. मला बरं वाटलं. पण तो शेवटचा भाग आलाच नाही. तोवर तुझं ऑपरेशन होऊन गेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ओरडायचं नाही, रडायचं नाही."

"आणि नंतर? मला बोलता यायला लागल्यावर?"

"नंतर सांगायला तोंड राहिलं नव्हतं."

"मुलं हसली मला. सकाळी तुम्ही म्हणालात, जा, छान शिकव. सगळं ठाऊक असून मला त्या वर्गात जाऊ दिलंत."

त्याने मान खाली घातली. बुद्धिबळाचा पट कपाटावर होता तो त्याने उगाचच आत सरकवला. त्या रागाने काही बोलल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं, पण त्या उठून दुसऱ्या खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आत्याकडे गेल्या. लॉन्ड्री केव्हाच बंद झाली होती. खाली आता चपलांचं दुकान होतं आणि आत्या वरच्या खोलीत राहायची. मॅडमनी ठरवलं होतं, काही सांगायचं नाही, नुसतं भेटून यायचं. पण आत्यानेच विषय काढला.

"तुझा तो विद्यार्थी आला होता गं मागे. गोड मुलगा. म्हणाला, मॅडमनी पाठवलंय. मी त्याला खालची जागा दाखवली, जुनी इस्त्री दाखवली, कोटाचं सगळं सांगितलं. त्याने फोटो घेतले."

मॅडमनी त्याला पाठवलं नव्हतं. "हो का," एवढंच त्या म्हणाल्या.

"मग परवा शेजारणीने फोनवर दाखवलं." आत्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "सगळे हसत होते. मी अशी बोलते का गं?"

"नाही, आत्या."

"नाकात बोलते का मी?"

"नाही म्हटलं ना."

"मग त्याला असं का वाटलं असेल?" आत्याच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. मॅडमनी तिचा हात हातात घेतला.

कॉलेजात गेल्यावर त्यांनी परतसांगाला लॅबमध्ये बोलावलं. तो आला तो आधीच ओशाळलेला.

"परत सांग," मॅडम म्हणाल्या. "कुणाची आत्या?"

"मॅडम, तसं नाही. दुसऱ्याच्या आत्याची गोष्ट म्हटली की मुलांचं लक्ष लागत नाही. माझी म्हटलं की ऐकतात. शिकवायची युक्ती फक्त."

"तिच्या घरी का गेलास?"

"नीट तपशील असावेत म्हणून."

"तपशील मिळाले तुला. मग तिचं माकड का केलंस?"

तो गोंधळला. "लोकांना आवडलं, मॅडम. तोच भाग सगळ्यांत जास्त बघितला जातो. मी खाली तुमचं नाव टाकतो. आभार म्हणून, ठळक."

"माझं नाव नको. तिचा तो भाग काढ."

"बघतो," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मॅडमनी पूर्वी कधी ऐकला नव्हता. न जमणारं काम टाळताना विभागप्रमुख असं म्हणायचे.

मॅडम विभागप्रमुखांकडे गेल्या, तेव्हा विभागप्रमुखांनी चहा मागवला. "अहो, उदाहरणावर काय कुणाचं नाव कोरलेलं असतं? तो आपलाच माणूस. मुलं त्याचं नाव ऐकून प्रवेश घेतात. आणि तसंही, पुढच्या वर्षापासून पहिलं वर्ष त्याच्याकडेच द्यायचं ठरलंय. तुमच्या घशालाही आराम."

"कधी ठरलं?"

"तुम्ही रजेवर होतात तेव्हाच. तो तुम्हाला बोलला असेल असं वाटलं."

मॅडमनी चहा घेतला नाही.

व्हिडिओतून आत्याचं सोंग कधीच निघालं नाही. मॅडमनी पुन्हा सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावरून परतसांगा रोज "नमस्कार मॅडम" म्हणायचा, त्या मान हलवायच्या. त्यांच्याकडे वरच्या वर्षाचे वर्ग आले. तिथे गोष्टी लागत नाहीत. मुलं येतात, उतरवून घेतात, जातात. घरी नवरा पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागला, दुकानातल्या बारीकसारीक गोष्टीही न विचारता सांगू लागला. त्या ऐकून घ्यायच्या. त्यातलं काही खोटं नसणार, हे त्यांना कळत होतं. पण पूर्वी त्या ऐकत असताना असला विचार मनात येत नसे.

वर्षभराने विभागात एक तरुण शिक्षिका रुजू झाली. बावरलेली होती, पण मनापासून काम करणारी. एक दिवस ती मॅडमच्या टेबलापाशी आली. "मॅडम, मला पहिल्या वर्षाची एक तुकडी दिलीय. सगळे म्हणतात, सुरुवात करावी तर तुम्हीच. पहिला तास कसा घेऊ, मला जरा सांगाल?"

शेजारचं टेबल रिकामं होतं. मॅडमनी त्या मुलीकडे बघितलं. तिच्या हातात कोरा कागद होता आणि पेनाचं टोपण आधीच काढलेलं होतं.

"पुस्तकात आहे सगळं," त्या म्हणाल्या. "पहिलं प्रकरण नीट वाच, जमेल तुला."

मुलीने टोपण लावलं, आभार मानले आणि ती गेली. ती जिना उतरेपर्यंत मॅडम दाराकडे बघत होत्या. हाक मारावीशी वाटली, मारली नाही. घरी आल्यावर हे नवऱ्याला सांगावं असं मनात आलं, तेही त्यांनी सांगितलं नाही.