तिसरी अट

सकाळपासून कटिंगबाईंचं बूड एका जागी टेकत नव्हतं. त्यांच्या शिवणवर्गाच्या खोलीत सहा मशीनं आणि मधोमध कापड बेतायचं लांब टेबल. त्या टेबलाभोवती बाईंच्या फेऱ्या चालल्या होत्या.

"अहो, चोरी आहे ही!"

"चोरीच," शर्टाची कॉलर सवयीने डावीकडे ओढत नवरा म्हणाला. "फक्त फुकट वाटलेली वस्तू चोरतात कशी, तेवढं सांग."

"फुकट म्हणजे बेवारस नव्हे!"

पन्नाशी उलटल्यावर संगणक शिकून, चार वर्षं खपून बाईंनी एक प्रोग्राम लिहिला होता. मापं भरायची, कपड्याचा कागदी नमुना छापून निघतो. सोबत अटींचं पान. एक, कुणालाही द्यावा, पैसे घेऊ नयेत. दोन, हे पान सोबत असावं. तीन, आत काडीचाही बदल करू नये. आतली सूत्रं त्यांनी उघडी ठेवली होती, पण ती मुलींनी वाचून शिकावं म्हणून. आणि आज एका विद्यार्थिनीने नव्या मशीनसोबत मिळालेला पेनड्राइव्ह आणला. त्यात बाईंचा प्रोग्राम होता, बाईंचं नाव होतं, पानाचा मात्र पत्ता नव्हता. वर आत ढवळाढवळ! बाईंचा प्रोग्राम खांद्याचा उतार एकदाच विचारायचा, हा डावा-उजवा वेगळा विचारत होता.

"उद्या कुणाचं कापड वाया गेलं तर बोल मलाच लागणार ना?"

"मग जाऊन भांड. टेबलाला तरी जरा विश्रांती."

मशीनच्या दुकानाची मालकीण गल्ल्यामागे बसून पेनड्राइव्हच भरत होती.

"या बाई! तुमच्याच हातचा माल भरतेय."

"माझं पान कुठंय?"

"काढलं."

"काढलं म्हणते! तेही वर तोंड करून!"

"खाली घालून सांगू? पान म्हणतं बदल करू नका, आणि मी तर केलाय. ते लावून वाटायचं म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं. मला नाही जमत."

"पैसे किती घेतेस?"

"छदाम नाही. मशीन घेवो न घेवो, मागेल तिला देते."

"मग बदल कशाला केलास? एका सुताची चूक दाखव माझी!"

"सुताची नाही, बोटभर आहे." ती उठून उभी राहिली. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. "लहानपणी पडले, तेव्हापासून. तुमचा प्रोग्राम उजव्याचं माप डावीकडे उतरवतो. माझा प्रत्येक कपडा एका बाजूला लोंबतो."

बाईंनी तिचे दोन्ही खांदे नजरेनं मोजले. कापड मधोमध दुमडायचं, अर्धंच बेतायचं, उलगडलं की पूर्ण. वीस वर्षं मुलींना त्यांनी हेच शिकवलं होतं, संगणकालाही हेच.

"मला विचारायचं होतंस."

"दोन पत्रं लिहिली. दोन्ही वेळा एकच उत्तर, तिसरी अट वाचा."

ते उत्तर बाईंना आठवलं. पत्र पुरतं वाचल्याचं मात्र आठवेना.

"वस्तू तुमची. सांगा, आजपासून बंद करते," मालकीण म्हणाली. "पण मग काहीच देणार नाही. तुमचा जुनाही नाही."

"कळवते," म्हणून बाई निघाल्या. रस्त्याने पुढच्या माणसांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. एकही सरळ नाही. चप्पल न काढताच त्या खोलीत शिरल्या.

"उठा. ताठ उभे राहा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"आता मी काय केलं?"

कमरेपासून उजव्या खांद्यापर्यंत टेप लावली. मग डाव्या. मग पुन्हा दोन्ही. अर्ध्या इंचाचा फरक.

"तीस वर्षं तुमचे शर्ट शिवतेय! कॉलर ओढत बसता, बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, खोट माझ्यातच आहे."

बाई संगणकापुढे बसल्या आणि तिसरी अट खोडली. लिहिलं, 'गरजेप्रमाणे बदल करावा. कुणी केला, काय केला, ते या पानावर लिहावं.' वाचून खोडलं. पुन्हा तेच लिहिलं. मग फोन लावला.

"अगं, नवं पान पाठवतेय. खाली तुझं नाव तू लिही. आणि हे काढलंस तर बघ!"

"नाही काढत. आणि बाई, बाह्यांचंही एक सांगायचं होतं."

"बाह्यांना काय झालं?"

जेमतेम टेकलेल्या बाई पुन्हा उठल्या आणि फोन कानाला लावून टेबलाभोवती फिरू लागल्या.