शेपूट खाली

आमच्या बाळाकाकाला कुणाचं कुणाचं बघवत नाही हे सांगत बसलं तर संध्याकाळ होईल. त्यापेक्षा कुणाचं बघवतं ते सांगते. माझ्या आजोबांचं. ते वारलेले आहेत.

काका आधी मुंबईला होता. "मी एऽऽरपोर्टात व्हतो," असं तो सांगतो, आणि त्या 'ए'ला एवढा लांबवतो की ऐकणाऱ्याला तेवढ्यात गणवेश दिसतो, टोपी दिसते, छातीवरचा बिल्लासुद्धा दिसतो. खरं म्हणजे विमानतळाच्या मागच्या गल्लीत एक लाँड्री होती. विमानातल्या उशांचे अभ्रे तिथे धुवायला यायचे आणि काका त्यांना इस्त्री करायचा. वय झालं, गुडघे बोलायला लागले, तेव्हा गावाला परत आला. पण अभ्र्यांवरचा राग अजून गेलेला नाही. "माझ्या हातचा अभ्रा लंडनला जायचा, दुबईला जायचा, मळून परत यायचा. आन् मी? मी अंधेरीत!" अभ्र्याचासुद्धा हेवा करणारा माणूस सबंध रत्नागिरी जिल्ह्यात हा एकच असेल.

अशा माणसाच्या घराशेजारी देवाने विमान आणून ठेवलं.

मालगुंडच्या वरच्या अंगाला आमची वाडी, आणि वाडीच्या वर सडा. नुसता कातळ, मध्ये मध्ये गवत. कोल्हापूरच्या मृणाली मॅडमनी तो सडा भाड्याने घेतला आणि त्याच्यावर उत्तर-दक्षिण एक पट्टी सपाट करून घेतली. मॅडम पूर्वी मोठी विमानं चालवायच्या. आता त्यांच्याकडे एक म्हातारं विमान आहे, लाकडाचं आणि कापडाचं. पंखांचे दोन मजले, म्हणून वाडीत त्याला 'माडीचं विमान' म्हणतात. दोन उघड्या खुर्च्या, एकीच्या मागे एक. मागच्या खुर्चीत मॅडम. पुढची रिकामी.

ती पुढची रिकामी खुर्ची म्हणजे काकाचं सगळं आयुष्य.

हे विमान हवेत फार शहाणं असतं. रडतं ते जमिनीवर. मोठी दोन चाकं पुढे आणि शेपटाखाली एक चिमुकलं चाक. त्यामुळे ते उतरलं की नाक आभाळाकडे, आणि मागे बसलेल्या मॅडमना समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. मग ते नागमोडी चालतं, एकदा या बाजूने डोकावून, एकदा त्या बाजूने. त्याला ब्रेक नाहीत. वजन सगळं मागे. सायकल उलटी ढकलत नेली तर ती कशी हातातून फिरते, तसं ते जरा तिरकं झालं की गर्रकन फिरायला बघतं. त्यात दुपारनंतर दर्यावरून वारा येतो तो बरोबर आडवा. म्हणून विमान उतरून हळू झालं की दोघांनी धावत जायचं. एकाने पंखाचं टोक धरायचं, एकाने शेपूट.

"ह्याच्या शेपटाला कायम नाकाच्या पुढं जायची घाई," काका समजावून सांगायचा.

"घरात बी हाय एक तसंच," सगुणाकाकी आतून म्हणायची.

शेपूट धरायचा मान काकाचा. तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी त्याची एक फजिती झाली होती, ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मॅडम एरवी पुस्तकातलं बोलतात, पण इंजिन सुरू झालं की आतलं कोल्हापूर बाहेर येतं. त्या ओरडल्या, "शेपूट खाली! खाली घ्या की वो!"

काकाने शेपूट उचललं आणि दर्याकडे चालायला लागला.

चूक काय त्याची? आमच्यात खाली म्हणजे दर्या आणि वर म्हणजे डोंगर. माणूस 'खालती जाऊन येतो' म्हणाला की तो मासे आणायला गेला. सगुणाकाकी तर ताटसुद्धा "जरा खालती सरकव" म्हणते, आणि ताट जमिनीवरच असतं. जमिनीकडे रेटायचं असेल तर आम्ही म्हणतो 'दाब'. त्या दिवशी वारा नव्हता म्हणून निभावलं. मॅडमनी इंजिन बंद करून खुलासा केला, "अहो काका, खाली म्हंजे जमिनीकडं! समुद्राकडं न्हवं!" काका शरमला, पण शिकला. आणि शिकलेलं त्याने कुणालाच सांगितलं नाही. हसतील म्हणून.

या शिमग्याच्या सुमाराला मॅडम म्हणाल्या, "पावसाआधी विमान झाकून ठेवायचंय. त्याच्या आधी तुमच्यापैकी एकाला पुढं बसवून फिरवून आणीन."

तुमच्यापैकी म्हणजे कोण? काका एकटाच! पंख धरायला तेव्हा कुणीही यायचं, ज्याला वेळ असेल तो. काकाने वाडीभर सांगून टाकलं. मोठी पेटी उघडून स्वेटर बाहेर काढला. ऐन उन्हाच्या दिवसांत. वर थंडी असते म्हणाला.

आणि तेवढ्यात बाबल्या आला.

बाबल्या शितप आमच्या समोरच्या घरातला. काकाचा शाळेपासूनचा मित्र, म्हणजे शाळेपासूनचं दुखणं. लोट्याला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता, नुकताच नोकरीतून सुटून घरी आलेला. माणूस दारासारखा रुंद आणि आवाज बसचं दार उघडल्यासारखा: "फ्फूऽऽस... काय म्याडम, बरां हाय ना?" पहिल्याच दिवशी त्याने पंखाचं टोक असं धरलं की विमान जागचं हललं नाही. मॅडम खूश. "बाबल्या, तुमच्या हातात वजन आहे. उद्यापासून शेपूट तुम्ही धरा. बाळाकाका, तुम्ही पंखाला या. आणि यांना सगळं शिकवा."

"सगळां शिकवतो," काका म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज दात काढायला बसलेल्या माणसासारखा येत होता.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. "शेपूट काढलंन माझां," एवढंच म्हणाला.

"माकडाचा माणूस झाला म्हणा की," काकी म्हणाली.

"हसा! आता बसवतील त्यालाच पुढं. हातात वजन हाय म्हणं. वजन हाय ता दिसतंच हाय, समोरून बघा नायतर मागून."

तरी शिकवलं त्याने. सड्यावर उभा राहून, हात मागे बांधून, अगदी आमच्या हेडमास्तरांसारखं. पंख्याच्या पुढून जायचं नाही. फाटणाऱ्या ठिकाणी हात लावायचा नाही, लाकडाची दांडी असते तिथेच धरायचं. मॅडमनी अंगठा वर केल्याशिवाय सोडायचं नाही. बाबल्या प्रत्येक वाक्याला "हां... हां..." करत होता. शेवटी म्हणाला, "आन् ती वरडते काय काय, ता?"

"ता कळतंय आपोआप," काका म्हणाला. आणि दुसरीकडे बघून गवताची काडी चघळायला लागला.

तो 'खाली' शब्द त्याने ठेवून घेतला. स्वतःजवळ. दुसऱ्याला द्यायला जिवावर यावं असं त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं.

पुढच्या रविवारी सगळी वाडी सड्यावर. दुपार कलली होती आणि वारा सुटला होता. विमान छान उतरलं, एकदा उडी मारून, मग दुसऱ्यांदा शहाण्यासारखं. हळू झालं. काका धावला, दर्याकडचा पंख धरला. बाबल्याने शेपूट धरलं. वळायची वेळ आली तसा वाऱ्याचा एक झपका आला, शेपूट हलकं झालं, आणि मॅडम जीव खाऊन ओरडल्या, "शेपूट खाली! खाऽऽली!"

बाबल्या गोंधळला. त्याने काकाकडे पाहिलं. काकाला ओरडायला वेळ होता. 'दाब!' एवढंच म्हणायचं होतं. त्याचं तोंड उघडलेलंही आम्ही पाहिलं. मग ते मिटलं.

बाबल्याने शेपूट दर्याकडे ओढलं. पूर्ण ताकदीनिशी, बस दरीतून मागे घ्यावी तसं.

झालं. वारा मागून आत शिरला, शेपूट उधळलं, विमान गर्रकन फिरलं. पलीकडचा खालचा पंख कातळावर घासत गेला आणि कापड टर्रकन फाटलं. आणि इकडचा पंख उचलला गेला, त्याला लोंबकळलेल्या काकासकट. चप्पल खाली, काका वर. फार नाही, जमिनीपासून हातभर. पण ज्याची त्याने आयुष्यभर वाट पाहिली होती ते असं हातभरच मिळालं, आणि लगेच संपलं. धप्पकन आपटला.

इंजिन बंद. मॅडम उतरल्या त्या तोफेसारख्या.

"अहो काय करालाय तुम्ही? खाली म्हटलं न्हवं मी?"

"खालीच तर नेलं म्याडम!" बाबल्या म्हणाला.

"कुठं खाली?"

"ह्यो काय, दर्याकडं!"

"बरोबर हाय की," वाडीतल्या दहा जणांनी एकदम सांगितलं. "खाली म्हंजे खालीच नेणार तो!"

मॅडमनी हळूहळू मान वळवून काकाकडे पाहिलं. काका चप्पल शोधत होता. चप्पल समोरच पडली होती.

"बाळाकाका. तुम्हाला तर ठाऊक होतं."

"इसारलो," काका म्हणाला. अशा आवाजात, की त्या शब्दावर सड्यावरच्या गाईनेसुद्धा विश्वास ठेवला नसता.

मॅडम त्याला काहीच बोलल्या नाहीत, ते वाईट झालं. बोलल्या असत्या तर त्याला घरी येऊन भांडता आलं असतं. त्या बाबल्याकडे वळल्या. "सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडले, माझं चुकलं. पंख दुरुस्त झाला की पुढं तुम्ही बसायचं." आणि जाता जाता वाडीला म्हणाल्या, "आजपासून 'दाब'. कळलं? दाब म्हणेन मी." म्हणजे काकाने जपून ठेवलेला शब्दही गेला. तो आता कुणी फुकटसुद्धा घेतला नसता.

पंख दुरुस्त होईपर्यंतचे दिवस काकाने कसे काढले ते सगुणाकाकीलाच माहीत. बाबल्या खोकला तरी काका म्हणायचा, "बघ, आतापासून पायलटासारखा खोकतोय." शेवटी तो दिवस आला. बाबल्या अंगणात येऊन उभा राहिला. "बाळा, तुझा स्वेटर दे रे. वर थंडी असते म्हणं."

काकाने दिला. देताना तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. काकीने त्याची बोटं सोडवली.

विमान उडालं, वाडीवरून एक फेरी मारली, दर्यावर गेलं, दिसेनासं झालं. काका सड्यावर उभा. सगळे वर बघत होते. तो वर बघत नव्हता, वारा कुठून येतोय ते गवताकडे बघत होता. विमान परत आलं तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच धावला, गुडघ्यांना शिव्या देत. शेपूट त्याच्याच हातात आलं. "दाब!" मॅडम ओरडल्या. त्याने असं दाबलं की वाटलं, आता हा विमान कातळात पेरणार.

पुढच्या खुर्चीत काकाचा स्वेटर बसला होता. आत बाबल्या.

बाबल्या उतरला.

"काय दिसलं?" काकाने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण सुटलं तोंडातून.

बाबल्या त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काय दिसतंय! डोळे मिटून व्हतो मी, बाळा. उघडलेच नाय."

त्या रात्री काका दोन भाकऱ्या जादा जेवला. एकीकडे आनंद, एकीकडे संताप. "मेल्याने माझी खुर्ची फुकट घालवली! डोळे मिटून! अगो, डोळे मिटायचे तर खाटेवर मिटायचे ना!" असं म्हणून पुन्हा हसायचा. झोपेतसुद्धा हसला म्हणे. दुसऱ्या दिवशी बाबल्याच्या घरी स्वतःहून गेला, चहा प्यायला, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "भीती वाटतेच रे माणसाला." इतकं प्रेमाने बोलला की बाबल्याची बायको घाबरली.

हे सगळं आठवडाभर टिकलं.

परवा सकाळी बाबल्या आमच्या कुंपणाच्या बेड्याजवळ, म्हणजे फाटकाशी, उभा राहून दात घासत होता. थुंकला आणि सहज म्हणाला, "बाळा, तुझ्या घरावर ती निळी ताडपत्री हाय ना, ती फाटलीय रे. पाऊस यायच्या आधी बदल."

"बदलतो," काका म्हणाला. मग थांबला.

ती ताडपत्री मागच्या उतारावर आहे. मागे फणस आहे, त्याच्या मागे दरड. वाटेवरून दिसत नाही, अंगणातून दिसत नाही, बाबल्याच्या घरातून तर नाहीच नाही. ती दिसते फक्त आभाळातून.

काकाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्याने शिडी आणली, लावली आणि गुडघे विसरून चढला. काकी खालून ओरडत होती, "अवो, कौलां फुटतील!" तो कौलांवरून रांगत मागच्या उतारावर गेला. आम्ही सगळे अंगणात.

"बाबल्याऽऽ! कुठं फाटलीय? दिसत नाय!"

बाबल्याने चूळ भरली. सावकाश. "खालच्या अंगाला!"

"खालच्या म्हंजे? दर्याकडं का पन्हळीकडं?"

बाबल्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि बसचं दार लावावं तसा सुस्कारा सोडला.

"ता कळतंय आपोआप," म्हणाला, आणि घरात गेला.

वर कौलं थोडी वाजली. काका कोन्यावर, छपराच्या अगदी माथ्यावर, बसला होता, पाय दोन्ही बाजूंना सोडून. तिथून सडा दिसतो, मालगुंडचा दर्या दिसतो.

"सापडलं का वो?" काकीने विचारलं.

"गप ऱ्हा गो."

"उतरा मग."

"थांब जरा."

काकीने वर बघितलं, पदर खोचला आणि शिडी घट्ट धरून उभी राहिली. "बघा, बघा," ती म्हणाली. "चढलातच हाय तर डोळे उघडे ठेवून बघा."