हलगी न वाजलेली घरं

निपाणीत आम्ही राहत होतो ती सबंध गल्ली एका तंबाखूच्या व्यापाऱ्याची होती. त्याचा धंदा वाढला आणि त्याला वखारीसाठी जागा हवी झाली. आमचं कुणाचं भाडं थकलेलं नव्हतं, तरी त्यानं कोर्टाचा हुकूम आणला. बेलीफ येणार, दारात हलगी वाजवून दवंडी देणार, सामान रस्त्यावर काढणार आणि कुलूप घालणार, असं कळलं.

ज्या दारात कोर्टाची हलगी वाजते, त्या घरची पोर कुणी करून घेत नाही. माझ्या आक्काचं तेव्हा चिकोडीकडच्या एका घरात बोलणं चाललं होतं. आई म्हणाली, "हलगी यायच्या आधी निघूया." साऱ्या गल्लीनं तेच केलं. निघायच्या सकाळी आईनं जमीन सारवली, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि दारात रांगोळी घातली. सोडायचं असलं तरी घर उघडंबोडकं सोडू नये, ही आमची रीत. बेलीफ आला तेव्हा गल्ली रिकामी होती. तो हलगी न वाजवताच परत गेला.

वरच्या गल्लीचा मालक दुसरा, पण त्यानंही तसाच हुकूम आणला होता. तिथं एक विधवा म्हातारी होती. तिला ना लेक, ना कुणाची भीड. तिला बाहेर काढलं की ती कुलूप फोडून पुन्हा चूल पेटवायची. मग पुन्हा बेलीफ, पुन्हा हलगी.

आम्ही गल्लीतल्यांनी ओढ्याकाठी उसाच्या पाल्याच्या झोपड्या घातल्या. काही महिन्यांनी बातमी आली की घरातून काढलेल्यांना सरकार गायरानात जागा देणार. चौकशीला तालुक्याहून कारकून आला. मी आमच्या झोपडीच्या कुडाआड उभी होते.

"तुमच्या गल्लीत हलगी एकदाही वाजलेली नाही," तो म्हणाला. "वरच्या गल्लीत बघा किती वेळा वाजली. आणि तुमच्या घरांचं बेलीफानं लिहून ठेवलंय. सारवलेली, दारात रांगोळी. हाकललेला माणूस रांगोळी घालतो होय?"

त्यानं वही उघडली.

"सरळ सांगा. तुम्हांला कुणी काढलं का?"

आक्काच्या होणाऱ्या नवऱ्याचा चुलता त्या दिवशी बाजाराला आला होता. तोही बाहेर जमलेल्या घोळक्यात उभा होता. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, त्याच्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "न्हाय साहेब. आम्हांला कोण काढतंय? आमच्या मर्जीनं निघालोय."

शेजारचे आण्णा म्हणाले, "व्हय, आमची बी मर्जीच."

त्यांची बायको माझ्याजवळ कुडाआड पुटपुटली, "मर्जीनं चिखलात राह्यला आलंय गं आमचं राजं." ते बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. बायकांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मीही मर्जीच म्हटलं असतं.

गायरान वरच्या गल्लीला मिळालं. म्हातारीच्या दारातली दर वेळची हलगी वेगळं घर म्हणून धरली गेली होती. ती स्वतः जागा मिळायच्या आधीच वारली. वाण्याच्या दुकानात कुणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की आमच्या बाजूला कुणाला घराबाहेर काढावं लागलं नाही, तिकडची माणसं सुस्थितीत आहेत आणि चांगल्या जागी राहायला गेली आहेत. आप्पा ऐकत बसले.

पुढच्या महिन्यात मुलाकडचे घर बघायला आले. चुलता पुढं होता. झोपडीत बसायला जागा नव्हती, म्हणून आईनं बाहेर घोंगडं अंथरलं. चहा झाल्यावर चुलता म्हणाला, "मर्जीनं निघाला म्हणालासा, म्हणून आम्हांला वाटलं ही झोपडी तेवढ्यापुरती, दुसरं घर बांधाय काढलासा." आप्पा खाली मान घालून घोंगड्याचे दोरे ओढत राहिले. आक्का आत कपबशा धूत होती. त्या घरातून पुन्हा निरोप आला नाही. दुसरीकडूनही कधी आला नाही.

आषाढात ओढ्याला पाणी चढलं. झोपडी मोडून आम्ही वरच्या बांधावर गेलो. दसऱ्याला शेतवाला म्हणाला, "आता इथं जुंधळा पेरायचाय, उठा." आम्ही तिथूनही उठलो. त्याचीही हलगी कुठं वाजली नाही.