हवेतल्या नावाची वाटणी

मी हवेची वाटणी केलेली आहे. तीही बॉण्डपेपरावर, चार पंचांसमोर.

त्याचं असं झालं. भूकंपात गावातलं घर बसलं तेव्हा मी आणि धाकटा भाऊ दिगंबर एकाच पत्र्याच्या शेडात राहिलो. पुढं तो नांदेडला नोकरीला लागला, मी लातूरला येऊन क्लासच्या पोरांसाठी मेस टाकली. नाव ठेवलं 'पत्राछाया'. (चौथी नापास माणसाला सुचलेलं नाव आहे हे! पुण्याच्या मास्तराला म्हणावं, असं सुचवून दाखवा.)

एक दिवस सून मीरा म्हणाली, "मामा, मेसचं नाव इंटरनेटवर घेऊन टाकलं. डॉट कॉम, डॉट इन, डॉट नेट, डॉट ओआरजी. चारी शेपट्या घेतल्या, न्हाईतर दुसरंच कुणीतरी घेतंय."

"कुठं हाय ते?"

"कुठंच न्हाई. नुसतं नाव हाय. आपलं."

दुपारी पोरं जेवून गेल्यावर लिंबाखाली बाजेवर आडवा झालो. डोळे मिटले तर निळ्या आभाळात चार वावरं तरंगताना दिसली. ना बांध, ना धोंडा, ना तलाठी. वारा आला की हलकेच डुलायची, पुन्हा जागेवर यायची. इतकं सुख मला खऱ्या जमिनीनं कधी दिलं नव्हतं. त्या गुंगीतच मनात आलं: पत्रा दोघांचा होता, मग छाया एकट्याची कशी?

"मामा, नावाची कुठं वाटणी असती व्हय?" मीरा ओरडली.

"तू गप. आमच्यात भावाचं खात नसतेत."

आमच्यात रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. दिगंबरला बोलावून घेतलं आणि पंचांसमोर एका बाजूला कॉम ठेवलं, दुसऱ्या बाजूला उरलेली तीन.

"अण्णा, मी कचेरीतला माणूस. मला काय करायचं त्याचं?" दिगंबर म्हणाला.

"उचल! चार माणसांत माझी मान खाली घालतो का?"

बिचाऱ्यानं एकच उचललं. मला तीन सोडली! मी मनात म्हटलं, लई भोळा आहे.

घरी मीरानं कपाळाला हात लावला. "ते एक म्हणजे विहिरीचं वावर होतं, मामा! लोक कॉमच बघतेत. तुमच्या वाट्याला तिन्ही माळरानं!"

जून उजाडला. इस्लापूरच्या एका बापाचा फोन आला. पोराला मेस लावायची होती; माझा नंबर त्यानं गावातल्या कुणाकडून घेतलेला, पत्ता इंटरनेटवर बघितलेला.

"मालक, मी मेसच्या दारात उभा हाय. तुमी दिसून नाही राहिले."

"मी बी दारातच उभा हाय की!"

"कुठल्या?"

"लातूरच्या!"

"मी तर नांदेडला हाय हो!"

दिगंबरच्या पोरानं नांदेडला मेस काढली होती. पाटी तीच, आणि डॉट कॉमवर वाफाळत्या भाताचा फोटो! इकडं माझी साठ ताटं धुऊनपुसून गप रचलेली. असंच चाललं असतं तर दिवाळीआधी चूल विझली असती.

वकिलाकडं धाव घेतली. ते म्हणाले, "घाबरू नका. नाव आधीपासून तुम्ही वापरताय. ट्रेडमार्क नोंदवू. मग त्याच धंद्यात तेच नाव कुणी वापरलं तर अडवता येतं, शेपटी कोणती का असेना. पुतण्याला तुम्ही परवानगी तर दिली नाही ना?"

मी अभिमानानं बॉण्ड पुढं केला. वकिलांनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"'नाव व नावाची हवा खुशीने कायमची दिली.' हे कुणी सांगितलं लिहायला?"

"मीच."

"मग नोटीस कुणाला पाठवू? तुम्हालाच?"

नांदेडच्या एसटीत बसलो. भांडण पाठ करता करता खिडकीबाहेर सगळा मुलूख तरंगायला लागला, आणि उतरेपर्यंत अर्ध्या शिव्या वाऱ्यावर गेल्या. उरलेल्या द्यायच्या आधीच दिगंबर म्हणाला, "अण्णा, मी तवाच नको म्हणून राहिलो होतो. घेऊन जा. पोरगं दुसरं नाव ठेवंल."

कॉम परत आलं. बऱ्याच दिवसांनी ट्रेडमार्कचा कागदही आला. मी तो फ्रेम करून दारातच लावला आणि खाली खुर्ची टाकून बसलो. तेवढ्यात एक पोरगा माझ्यासमोरच फोनवर बोलायला लागला, "अबे, कुठं म्हणजे? रोजच्या जागी! त्या खडूस म्हाताऱ्याच्या मेसवर!"

मीरा पदरात तोंड खुपसून हसली. "मामा, हे बी नाव घेऊन ठेवू का?"

मी म्हटलं, "घे. चारी शेपट्यांसकट. आन् दिगूला कळू देऊ नको."