शकुबाईचा मंगळवार

शकुबाईच्या अंगात देवी येत नव्हती, हे शकुबाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिच्याशिवाय ते कोणालाच ठाऊक नव्हतं, एवढंच.

मळवली स्टेशनापासून पंधरा मिनिटं चालत गेलं की एक पिवळा बंगला लागतो. सहा खोल्या, वर गच्ची, पुढे लॉन आणि मागे दीड खोलीचं घर. मागच्या घरात शकुबाई. मालक मुंबईचे; दिवाळीत आणि मे महिन्यात येतात. बाकी वर्षभर ती त्यांच्या खोल्या झाडते, कोणी न वापरलेल्या चादरी उन्हात घालते आणि घड्या करून परत ठेवते. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मूल नाही. भाऊ वराळ्याला, तो लग्नपत्रिकेपुरता. बाईला बोलायची भारी हौस, पण बोलणार कोणाशी? चार-चार दिवसांत तोंडातून निघायचं ते फोनवरचं "व्हय, शेठ." नाहीतर बोअरच्या मोटारीला, "चाल की गं बये, तू तरी रुसू नगंस."

तिला चक्कर यायला लागली ती अंथरुणात कूस बदलताना. आढं गरगर फिरायचं आणि मिनिटभरात थांबायचं. वय झालं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. मग एका मंगळवारी गावदेवीच्या देवळात माथा टेकून तिनं मान वर केली, तर अख्खं देऊळ फिरलं. खांब, समई, बायका, सगळंच. ती खांबाला मिठी मारून घुमायला लागली.

"आली गं बायांनो, आई आली!" रतनबाई ओरडली. रतनबाई म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. तिनं म्हटलं की इतरांनी माना डोलवायच्या. शकुबाईच्या कपाळी मळवट भरला गेला, ओटीत नारळ पडला. रतनबाईनं तिथंच हात जोडून विचारलं, "आई, माझ्या संदेशला नोकरी लागंल का?"

शकुबाईला तेव्हा फक्त उलटी आवरायची होती. "लागंल, लागंल," ती म्हणाली.

आणि तिसऱ्या आठवड्यात संदेशला वराळ्याच्या कंपनीत नोकरी लागली! मग काय विचारता. पुढच्या मंगळवारी शकुबाईच्या ओट्यावर चार जणी आल्या, त्याच्या पुढच्या मंगळवारी नऊ.

आता खरं सांगून टाकायचं, असं ती दर वेळी ठरवायची. पण चक्कर कशी येते ते तिला कळून चुकलं होतं. देवीच्या फोटोपुढं वाकायचं, मान उजवीकडे वळवायची आणि झटक्यात वर करायची. त्या मिनिटात जीव नकोसा व्हायचा. पण त्यानंतरचे दोन तास! चहा व्हायचा. कोणाची गाय व्याली, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं निघायचं. भामाबाई तिच्या डोक्याला तेल घालायची. अकरा वर्षांत त्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. औषध बंद कर, सुनेला हाकल, असलं तिनं कधी कोणाला सांगितलं नाही, "धीर धर, व्हईल" यापलीकडे ती गेली नाही. तरी ती लबाडीच होती आणि तिला तिची लाज वाटायची. फक्त मंगळवारी दुपारी कप मांडायला घेतले की लाज कुठल्या कुठे पळायची.

रतनबाईची सून प्रेरणा तळेगावात कानाच्या दवाखान्यात कामाला होती. सुट्टी होती म्हणून एकदा सासूबरोबर आली. बाकीच्या हात जोडून बसल्या आणि ही आपली शकुबाईच्या डोळ्यांकडे बघत राहिली. निघताना चपला शोधायच्या निमित्तानं मागे थांबली.

"मावशी, चक्कर आली की तुमचे डोळे नाचतात. आमच्याकडे असे पेशंट येतात. हे कानाचं दुखणं आहे. बरं होतं."

"कुनाला सांगू नगंस, बाय."

"मी नाही सांगत. पण एक दिवस पडाल." तिनं स्वतःचा नंबर शकुबाईच्या फोनमध्ये घालून दिला.

पडली ती बुधवारी. गच्चीवरच्या टाकीकडे मान वर करून बघितलं, उतरायला वळली आणि जिना पायाखालून फिरला. पाय मुरगळला, कमरेला मार लागला. फोन घरात राहिलेला. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत ती जिन्याच्या तळाशी पडून हाका मारत होती. बाहेरून टुरिस्टांच्या गाड्या गाणी लावून जात होत्या. नऊ बायका हाकेच्या अंतरावर नसल्या तरी गावातच होत्या. पण त्या शकुबाईकडे येत नव्हत्याच कधी. त्या आईकडे यायच्या, आणि आईचा वार मंगळवार. शेवटी सरपटत तिनं घर गाठलं आणि प्रेरणाला फोन लावला.

तळेगावच्या दवाखान्यात तपासणीला प्रेरणाच बरोबर होती. काळा, जाड चष्मा डोळ्यांवर चढवला, त्याच्या आतला कॅमेरा डोळे टिपत होता. तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आता कानात कोमट पाणी सोडणार. चक्कर येईल, घाबरू नका. मात्र गप्प राहायचं नाही, ओळखीच्या बायकांची नावं सांगत राहायची."

पाणी गेलं आणि अंधार फिरायला लागला.

"रतनबाई," शकुबाई म्हणाली. "भामाबाई."

"पुढे?"

"कौसाबाई... हिराबाई... ताराबाई..."

"छान. पुढे?"

नावं येत गेली. मंगळवारची नऊच्या नऊ झाली. मॅडम पुन्हा "पुढे?" म्हणाल्या, तेव्हा ती म्हणाली, "प्रेरणा." त्यापुढे तिच्याजवळ नाव नव्हतं.

मग तिला मान उजवीकडे करून चटकन मागे आडवं केलं. पडद्यावर तिचे डोळे थयथय नाचले. कानाच्या आतले बारीक कण जागा सोडून भलत्याच नळीत शिरलेत, मॅडमनी समजावलं. डोकं ठरावीक तऱ्हेनं फिरवलं की ते परत जातात. पाच मिनिटांचं काम. करू या?

"आन् परत येत्यात का ते?" शकुबाईनं विचारलं.

"कधी कधी येतात. पण तुम्ही भिऊ नका."

ती भिऊन विचारत नव्हती, हे मॅडमना कसं कळावं? तिला जिन्याचा तळ आठवला. "करा," ती म्हणाली, आणि प्रेरणाचा हात घट्ट धरला.

मंगळवारी नऊ जणी ओट्यावर बसल्या होत्या. शकुबाई लंगडत आली, फोटोपुढं वाकली, मान उजवीकडे वळवून वर केली. भिंत जागची हलली नाही. घुमायचं नाटक तिला सहज जमलं असतं. दोन वर्षांचा सराव होता. पण ती वळून बसली आणि म्हणाली, "आई न्हाई आली. कंदीच आली न्हवती. माज्या कानात बिघाड हुता, आता बरा झाला."

"म्हंजी आमाला फसवलंस?" रतनबाईचा आवाज चढला.

"चक्कर खरी हुती."

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

"बोलले असते, तर तुमी आल्या असत्या का?"

भामाबाईनं तेलाची वाटी पदराखाली घेतली. एकेक जण उठली. चहा तसाच राहिला.

तरी पुढच्या मंगळवारी तिनं नऊ कप मांडले. चार वाजले, पाच वाजले. प्रेरणा कामावर होती, आणि सासूनं तिला या घरी पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. शकुबाई उठून फोटोपुढं वाकली. मान उजवीकडे वळवली, झटक्यात वर केली. काही फिरलं नाही. पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही घर जागच्या जागी राहिलं, तेव्हा तिला रडू फुटलं.

मग ती खाटेवर आडवी झाली, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणायला लागली, "रतनबाई. भामाबाई. कौसाबाई. हिराबाई. ताराबाई..." दहाही नावं झाली. "पुढे?" म्हणायला कोणी नव्हतं.