न सांगता केलेलं एक काम

त्या गॅरेजात गाडी टाकली की सांगितलेलं काम तर होतंच, वर न सांगितलेलं एखादं फुकटात होऊन येतं, हा लौकिक मिस्त्रीने वीस वर्षं खपून कमावला होता. दुधाच्या व्हॅनवाल्या बाईंनी ब्रेक सांगितले, तर वायपरही नवा लावून मिळाला, आणि बाईंनी ती बातमी दुधाबरोबर घरोघर पोचवली. फुलवाल्याचा बसलेला हॉर्न मिस्त्रीने असा काही खणखणीत करून दिला की गल्लीतले लोक तक्रार घेऊन आले. फुलवाला मात्र जाम खूश होता. गॅरेजच्या बाकावर बसलं की असले किस्से ऐकण्यात तास कसा जायचा ते कळायचं नाही.

लंबूकाकाही त्या बाकावरचे जुने गिऱ्हाईक. लाँड्रीत त्यांना सगळे लंबूकाका म्हणत, कारण कुठल्याही दारातून हा माणूस वाकल्याशिवाय आत शिरत नसे. धुतलेल्या चादरी हॉटेलांत आणि दवाखान्यांत पोचवायच्या आणि मळलेल्या उचलून आणायच्या, हे त्यांचं काम. एकच व्हॅन एकोणीस वर्षं चालवली. त्यातली सतरा वर्षं शेजारच्या सीटवर काकू असत. मांडीवर चादरींची वही, कानामागे पेन्सिल आणि तोंडाचा पट्टा सुरू. रस्त्यात कोणी आडवा आला की शिवी काकू हासडायच्या, आणि माफीचा हात काका दाखवायचे.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून काकांचं बोलणं बंद झालं ते झालंच. घरी बोलायला कोणी नव्हतं, आणि हॉटेलांच्या मागच्या दारी लोक सही करून वही परत देतात, त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. काकांनी कुणाकडे रडगाणं गायलं नाही. वही तेवढी ते अजून शेजारच्या सीटवर ठेवत, न बघता हात लांब करून. काकू ठेंगण्या. त्यांची सीट अगदी पुढे, डॅशबोर्डाला चिकटलेली असायची. पुढे कधीतरी तिची कडी गंजून अडकली. काकांनी ती सोडवायच्या भानगडीत कधी डोकं घातलं नाही.

या खेपेला क्लच गेला म्हणून व्हॅन तीन दिवस गॅरेजात होती. चौथ्या दिवशी सकाळी काकांनी ती ताब्यात घेतली. क्लच लोण्यासारखा मऊ झाला होता. पहिल्या सिग्नलला त्यांनी सवयीने वही शेजारी ठेवली, आणि ती धप्पकन खाली पडली. त्यांनी वळून पाहिलं. सीट पार मागे गेली होती, पुसून लख्ख केलेली.

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले तेव्हा कुठे काका हलले. पुढच्या चौकात वळून ते थेट गॅरेजात आले.

"काय हो काका, काही राहिलं का?" मिस्त्री हात पुसत पुढे आला.

"सीट तुम्ही सरकवलीत?"

"मग! दोन तास झगडलो तिच्याशी. मागे ढकलली, ग्रीस भरलं. आता बोटाने सरकते बघा." मिस्त्री कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

"होती तशी करून द्या."

मिस्त्री हसणार होता, पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून त्याने हसू गिळलं. मग त्याची नजर सीटवर गेली. पेन्सिल कानामागे खोचून काकू याच सीटवर बसायच्या, हे त्याला आठवलं असावं.

"चुकलं माझं," तो हळूच म्हणाला. "विचारायला हवं होतं. कितव्या खाचेत होती ती?"

काकांनी वाकून सीटखाली पाहिलं. सतरा वर्षं ज्या सीटच्या शेजारी बसलो ती नेमकी कुठे होती, हे त्यांना सांगता येईना. पुढे होती, एवढंच. तेवढंही आपल्याला ठाऊक नसावं याची त्यांना फार लाज वाटली, आणि भीतीही. अशा अजून किती गोष्टी आपण नुसत्याच शेजारी बसून घालवल्या असतील?

"थांबा," मिस्त्री म्हणाला. "काहीही उघडायच्या आधी मी खूण करतो. हात आपोआपच जातो." तो आडवा झाला, सीटखालच्या पट्टीवरचं ग्रीस त्याने फडक्याने पुसून काढलं. खाली पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती. सीट रेघेपर्यंत आली आणि खट्ट करून बसली.

"बसून बघा बरं, बरोबर वाटतंय का."

काका कसेबसे आत घुसले. गुडघे डॅशबोर्डावर आपटून हनुवटीशी आले. खालच्या बाजूला प्लास्टिकवर दोन गुळगुळीत, चकचकीत डाग होते. काकूंच्या गुडघ्यांनी घासून पडलेले. म्हणजे एवढ्या ठेंगण्या बाईलाही इथे पाय हलवता येत नव्हते. "मला पुढून रस्ता नीट दिसतो," असं ती म्हणायची. काकांनी समोर पाहिलं. रस्ता होता तसाच दिसत होता, फक्त ऊन थेट डोळ्यांत येत होतं.

"काकू एवढ्या पुढे का हो बसायच्या?" मिस्त्रीने मागच्या दारातून डोकावून विचारलं. "इथे तर वीतभर जागा नुसती रिकामी राहते."

काकांनी मान वळवली. ती वीतभर जागा त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. रोज दुपारी डबा खाऊन ते मागे आडवे व्हायचे, डोकं गाठोड्यांवर आणि पाय तिच्या सीटच्या मागे, सरळ लांब पसरलेले. काकू पुढे घड्याळ बघत बसून राहायच्या आणि पंचवीस मिनिटांनी हाक मारायच्या. एवढ्या उंच माणसाला त्या व्हॅनमध्ये पाय पसरता कसे येतात, हा प्रश्न त्यांना सतरा वर्षांत एकदाही पडला नव्हता.

ते बराच वेळ तसेच दुमडून बसून राहिले. मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"तिथेच पक्की करून देऊ का?" शेवटी त्याने विचारलं.

"नको," काका म्हणाले. "मागे घ्या. जाईल तेवढी मागे घ्या. पाय अवघडले असतील तिचे."

काका खाली उतरले आणि मिस्त्रीने सीट मागे सरकवली. काकांनी वही उचलली, त्या सीटवर ठेवली आणि चादरी पोचवायला निघाले.

दुपारी डबा खाऊन ते मागे आडवे झाले तेव्हा पाय सीटला टेकले. काकांनी गुडघे पोटाशी घेतले. हाक मारायला कोणी नव्हतं, म्हणून ते डोळे उघडे ठेवूनच पंचवीस मिनिटं पडून राहिले.